अक्षय शक्ति आणि शेतकऱ्याची विहीर

शेतकऱ्याच्या घरीं व्यवहाराचा एक जुना नियम आहे. बियाणें राखून ठेवावें आणि उरलेल्या धान्यावर वर्ष काढावें. व्याज खावें, पण मुद्दलास हात लावूं नये. ज्या घरानें बियाण्याची कणगी फोडली त्या घराचें पुढील साल कसें जातें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. हाच नियम शक्तीच्या व्यवहारास लावून पाहावा, इतकाच या लेखाचा हेतु आहे. सध्यां जिकडे तिकडे सौरपंप, पवनचक्की, गोबरगॅस यांची चर्चा चालू आहे, आणि कित्येक शेतकरी बंधूंच्या विहिरीवर सौर पॅनेलें उभींही राहिलीं आहेत. हीं साधनें कोणतीं, त्यांपासून लाभ काय, आणि लाभाच्या पाठोपाठ कोणती जोखीम पदरीं येते, याचा हिशेब मांडून पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मुद्दल कोणतें आणि व्याज कोणतें ?— दगडी कोळसा आणि खनिज तेल हे कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या वनस्पतींचे व जीवांचे अवशेष होत. हा सांठा एकदां जाळला कीं पुन्हां भरून येत नाहीं. शिवाय त्याच्या ज्वलनांतून निघणारा वायु हवेंत सांठून पृथ्वीची उष्णता वाढवीत आहे, व ऋतुमान बिघडलें म्हणजे पहिला फटका पावसाच्या भरवंशावर जगणाऱ्यासच बसतो. हें झालें मुद्दल. उलट ऊन, वारा, वाहतें पाणी, शेण, चिपाड हीं दर साल नव्यानें येणारीं उत्पन्नें आहेत. खोलांत पाहूं गेल्यास हीं सारीं सूर्याचींच देणीं आहेत. जमीन आणि समुद्र कमीअधिक तापतात म्हणून वारा वाहतो; समुद्राच्या पाण्याची वाफ होते म्हणून पाऊस पडतो व नद्या वाहतात; कडबा आणि चिपाड हें तर पानांनीं सांठविलेलें ऊनच होय. यांस अक्षय शक्ति म्हणतात तें योग्यच आहे. परंतु अक्षय म्हणजे बिनखर्ची नव्हे. आणि एक वस्तु अक्षय असली म्हणून तिच्या जोडीची दुसरी वस्तु अक्षय होते असेंही नव्हे. या दोन वाक्यांत आमच्या म्हणण्याचें सार आहे.

पाण्यापासून वीज.— आपल्या प्रांतास अक्षय शक्तीची ओळख आज होत आहे असें नाहीं. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचें पाणी अडवून तें कोंकणांत सोडावयाचें व त्या पडीपासून वीज करावयाची, हा उद्योग टाटांनीं खोपोली येथें 1915 सालीं सुरू केला, व त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पुढें 1962 पासून कोयनेची वीज मिळूं लागली. कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता 1960 मेगावॅट आहे. या विजेला कोळसा लागत नाहीं, धूर निघत नाहीं. पण मुळशीच्या धरणाखालीं मावळ्यांच्या भाताच्या खाचरा गेल्या, आणि 1921 सालीं सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं तेथील शेतकऱ्यांस सत्याग्रह करावा लागला, हेंही विसरतां येत नाहीं. पाणी फुकट होतें. जमीन फुकट नव्हती. वीज मुंबईस गेली आणि तिची किंमत मावळांतील कुळांनीं दिली. कोणत्याही नव्या शक्तीचें स्वागत करतांना लाभ कोणास व भार कोणावर, हा प्रश्न प्रथम विचारावा, हा मुळशीचा धडा आहे.

वारा आणि चिपाड.— सातारा जिल्ह्यांतील वनकुसवडें व चाळकेवाडी येथील पठारें, किंवा धुळें जिल्ह्यांतील ब्राह्मणवेल, या बाजूस जे गेले असतील त्यांनीं पवनचक्क्यांच्या रांगा पाहिल्या असतील. वाऱ्याचा वेग दुपटीनें वाढला तर त्यांतील शक्ति आठपट होते. म्हणून या चक्क्या उंच पठारावर व उंच खांबांवर उभारतात, आणि साधारण गांवाच्या शिवारांत त्या फायदेशीर होत नाहींत. शिवाय आपल्याकडील जोराचा वारा आषाढ-श्रावणाचा. त्या दिवसांत विहिरीस पाणी असतें, पण उपसण्याची गरज नसते. तेव्हां वाऱ्याची वीज ही एकंदर राज्याच्या उपयोगाची. एकट्या शेतकऱ्याच्या मोटेची जागा ती घेऊं शकत नाहीं.

ऊंसाच्या चिपाडाची गोष्ट निराळी. एक टन ऊंस गाळला म्हणजे सुमारें 28 ते 30 टक्के ओलें चिपाड निघतें. पूर्वीं तें कारखान्याच्या भट्टींत कसें तरी जाळीत; आतां अधिक दाबाचे बॉयलर बसवून त्याच चिपाडावर कारखान्यास वाफ व वीज पुरवून शिल्लक वीज विकतां येते. ज्या सहकारी कारखान्यांनीं ही सोय केली आहे त्यांच्या सभासदांनीं वार्षिक सभेंत साखरेच्या हिशेबाबरोबर विजेचाही हिशेब मागावा. चिपाड ऊंसांतूनच आलेलें असतें, व ऊंस सभासदांचा असतो.

शेणाची दुहेरी कमाई.— गोबरगॅस ही मात्र घरोघरची शक्ति आहे. मुंबईंत माटुंगा येथील कुष्ठरुग्णांच्या आश्रमांत मैल्यापासून गॅस काढून 1897 सालीं त्यावर दिवे लावल्याची नोंद आहे. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेल यांनीं तरंगत्या टोपणाचा सोपा नमुना तयार केला, व पुढें खादी ग्रामोद्योग आयोगानें तो गांवोगांव नेला. देहू येथें डॉ. मापुसकर यांनीं शौचकूप गोबरगॅसला जोडण्याचें काम अनेक वर्षें चिकाटीनें केलें. त्यांस 2017 सालीं मरणोत्तर पद्मश्री देण्यांत आली.

हिशेब असा आहे. एक मध्यम जनावर दिवसाकांठीं सुमारें 10 किलो शेण देतें. 25 किलो शेणापासून सुमारें एक घनमीटर गॅस होतो. दोन घनमीटरच्या संयंत्रास 50 किलो शेण, म्हणजे गोठ्यांत बांधलेलीं पांच जनावरें लागतात. तितक्यावर पांचसहा माणसांचा स्वयंपाक होतो. हा रोजचा गॅस जवळ जवळ पाऊण ते एक किलो सिलिंडरच्या गॅसाची बरोबरी करितो. महिन्याकांठीं दीड-पावणेदोन सिलिंडरांचा खर्च वांचतो. शेण व पाणी समभाग कालवून घातलें कीं सुमारें 40 दिवसांनीं तें कुजून मळीच्या रूपानें बाहेर येतें. गोवरी जाळली असतां शेणांतील नत्र धुरावाटे उडून जातें. गोबरगॅसमध्यें गॅस तेवढा निघतो आणि नत्र मळींत शिल्लक राहतें. म्हणजे चूलही पेटते आणि खतही मिळतें. चुलीपुढें धूर खाणाऱ्या घरच्या बायामाणसांचे डोळे व छाती वांचते ती निराळीच.

असें असून गांवोगांव बंद पडलेलीं संयंत्रें कां दिसतात ? कारणें साधीं आहेत. जनावरें दोन, आणि संयंत्र पांच जनावरांचें. किंवा जनावरें दिवसभर रानांत चरतात व शेण तेथेंच पडतें. किंवा कालवण करण्याचें रोजचें काम घरांत कोणाचेंच नाहीं. किंवा थंडींत गॅस कमी झाला म्हणून घालणेंच सोडून दिलें. अनुदान मिळतें म्हणून नव्हे, तर गोठ्यांतील शेण मोजून मग संयंत्राचें माप ठरवावें. ज्यानें आठ दिवस शेण तोलून पाहिलें तो फसणार नाहीं.

ऊन : सर्वांत मोठें उत्पन्न.— आतां मुख्य विषयाकडे वळूं. उजेडापासून वीज उत्पन्न होते हें फ्रेंच शास्त्रज्ञ बेकरेल याच्या 1839 सालींच ध्यानांत आलें होतें. पण उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत 1954 सालीं तयार झाला, व त्यास उन्हाच्या सुमारें 6 टक्केच वीज करितां येत असे. आजचीं चांगलीं पॅनेलें पंचमांश किंवा त्याहून थोडी अधिक करितात. महाराष्ट्रांत एक चौरस मीटर जागेवर वर्षाच्या सरासरीनें रोज सुमारें 5 युनिट इतकें ऊन पडतें. सर्व घट वजा जातां एक किलोवॅटच्या पॅनेलांपासून रोज सरासरी 4 युनिट वीज मिळते असें धरण्यास हरकत नाहीं.

शेतकऱ्यास यापासून होणारा पहिला लाभ पैशांत मोजण्यासारखा नाहीं. विजेची पाळी रात्रीची आली म्हणजे पौषाच्या थंडींत बॅटरी घेऊन दारें मोडावयास जाणें काय असतें, सापकिरडाची व अलीकडे बिबट्याची धास्ती काय असते, हें ज्यानें भोगलें त्यासच ठाऊक. सौरपंप दिवसां चालतो. हा त्याचा सर्वांत मोठा गुण. दुसरा लाभ असा कीं, डिझेल लागत नाहीं व बिल येत नाहीं. तिसरा असा कीं, जेथें विजेचे खांब पोंचले नाहींत तेथेंही तो चालतो. केंद्र सरकारची कुसुम योजना 2019 सालीं व राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ ही योजना 2024 सालीं सुरू झाली. या दुसऱ्या योजनेंत सर्वसाधारण शेतकऱ्यानें किंमतीचा दशांश व अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यानें विसावा भाग भरावा असें ठरलें. अडीच एकरांपर्यंत 3, पांच एकरांपर्यंत 5, व त्यापुढें साडेसात अश्वशक्ति, अशी पंपाची वांटणी झाली. येथपर्यंत सर्व ठीक आहे. परंतु या वांटणींत माप जमिनीचें आहे. विहिरीचें माप घेण्याचें काम ज्याचें त्यासच करावें लागणार आहे.

विहिरीचा हिशेब.— 5 अश्वशक्तीच्या पंपास सुमारें 5 किलोवॅटचीं पॅनेलें लागतात. त्यांपासून रोज सुमारें 20 युनिट वीज होते. पाणी एकंदर 30 मीटर उचलावयाचें असलें, तर पंप, मोटर व नळ यांतील घट जमेस धरूनही दिवसाकांठीं एक लाख लिटर पाणी वर येतें. एक एकर रानांत एक इंच पाणी उभें राहील इतकें हें पाणी आहे. वाचकांस हें ऐकून आनंद होईल, व तो योग्य आहे.

आतां खात्याची दुसरी बाजू पाहूं. ज्या तालुक्यांत वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस पडतो तेथें एका एकरावर वर्षांत सुमारें 20 लाख लिटर पाणी पडतें. त्यांतील पुष्कळ वाहून जातें, बरेंच पिकें व तण पितात, बरेंच उन्हानें उडतें. महाराष्ट्राच्या सुमारें चार पंचमांश भूमीखालीं काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत व मुरमांतच काय तें पाणी सांठतें. दशांश पाणी खोल मुरलें असें धरलें तर एकरीं 2 लाख लिटर झालें. याचा अर्थ असा कीं, आमचा पंप दोन दिवस चालला म्हणजे एका एकराची वर्षाची मुरवण उपसली गेली. वर्षांत 200 दिवस चालला तर 100 एकरांची. शेतांत दिलेल्या पाण्यापैकीं कांहीं पुन्हां मुरतें, ओढ्यानाल्याचें पाणीही विहिरीस लागतें, हें खरें. तरी जमीन 5 एकर आणि उपसा 100 एकरांचा, ही तफावत एवढ्यानें भरून निघत नाहीं. तें जास्तीचें पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालून आलेलें असतें. आणि शेजाऱ्यानेंही तसाच पंप बसविला म्हणजे दोघांच्याही विहिरी फाल्गुनांत तळ दाखवितात. मग बोअर, मग त्याहून खोल बोअर, आणि शेवटीं कर्ज.

मोटेवर बैल दमत असत. डिझेलच्या यंत्रावर खिसा दमत असे. विजेच्या पंपास भारनियमन आडवें येत असे. हीं सर्व संकटेंच होतीं, व तीं टळलीं याचें आम्हांस दुःख नाहीं. पण नकळत त्यांनीं विहिरीस विसावा दिला होता. सूर्य दमत नाहीं आणि बिल मागत नाहीं. त्यांतही चैत्र-वैशाखांत ऊन सर्वांत कडक, तेव्हां पंपाचा जोरही भरपूर. आणि विहीर मात्र त्याच दिवसांत सर्वांत खालावलेली. शक्ति व्याजांतून मिळाली, पण तिनें उपसलें तें मुद्दल. बियाण्याची कणगी फोडण्यासारखाच हा प्रकार झाला, फरक इतकाच कीं ही कणगी साऱ्या गांवाची आहे.

तोड काय ?— म्हणून सौरपंप घेऊं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. तो अवश्य घ्यावा. पण लगाम आपण होऊन घालावा. या कामीं आपल्याच मुलखांत उदाहरणें आहेत. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां घरांतील माणसांच्या प्रमाणांत द्यावयाचें, माणशी अर्धा एकर व कुटुंबास अडीच एकरांपलीकडे नाहीं, आणि ऊंसास पाणी नाहीं, असे तेथील नियम होते. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवानें पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखालीं दर साल पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणें पिकें ठरविण्याची रीत घातली, व शेतीसाठीं बोअर घेण्यास बंदी केली. सरकारी हुकुमाची वाट न पाहतां लोकांनीं स्वतः घातलेले हे निर्बंध आहेत.

दुसरें उदाहरण गुजरातेंतील आहे व सहकाराच्या दृष्टीनें तें विशेष मननीय आहे. खेडा जिल्ह्यांतील ढुंडी गांवीं सहा शेतकऱ्यांनीं मिळून सौरशक्ति उत्पादक सहकारी मंडळी काढली. 2016 सालापासून त्यांचे पंप वीज कंपनीच्या तारांस जोडले गेले, व शिल्लक वीज 4 रुपये 63 पैसे युनिट या दरानें 25 वर्षें घेण्याचा करार कंपनीनें केला. परिणाम काय झाला तें पाहावें. एरवीं पाणी उपसलें तरच उन्हाचा पैसा होत असे. आतां पंप बंद ठेवूनही पैसा होऊं लागला. जास्तीचें पाणी काढावें कीं तीच वीज विकावी, असा हिशेब शेतकरी करूं लागला. ऊन हेंच एक पीक झालें, आणि तें पीक पाणी पीत नाहीं. पंपासाठीं 5 किलोवॅटचीं पॅनेलें बसविलेल्या शेतकऱ्यानें वर्षाचे 100 दिवस पाणी न उपसतां वीज विकली, तर ढुंडीच्या दरानें त्यास 9,000 रुपयांच्या वर मिळतील, आणि एक कोटि लिटर पाणी भूमींत राहील.

महाराष्ट्रांत 2017 पासून चाललेल्या सौर कृषि वाहिनीच्या योजनेंत शेतीच्या वाहिनीसाठीं गांवाजवळच सौर प्रकल्प उभारून दिवसां वीज देण्याचें धोरण आहे. एक मेगावॅटच्या प्रकल्पास साधारण चार ते पांच एकर जागा लागते. खडकाळ माळ असेल तर ती जागा द्यावी. पिकाऊ रान देऊं नये. आणि शक्य तेथें जमीन नुसती भाड्यानें देऊन स्वस्थ न बसतां प्रकल्पांतच सहकारी मंडळीनें भागीदार व्हावें. मुळशीस जें झालें त्याची पुनरावृत्ति माळरानावर होऊं नये.

सभासदांस सूचना.— जे सौरपंप घेऊं इच्छितात त्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पॅनेलांचें तोंड दक्षिणेस असावें व कल अक्षांशाइतका, म्हणजे आपल्याकडे 16 ते 21 अंश, असावा. एका झाडाची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी साऱ्या रांगेची वीज घटते. जागा निवडतांना हिवाळ्यांतील सावली पाहावी. धूळ आठपंधरा दिवसांनीं सकाळीं पॅनेलें थंड असतांना धुवावी. दुरुस्तीची हमी किती वर्षांची, गारपीट व चोरीचा विमा कोणाकडे, तक्रार कोठें नोंदवावयाची, हें लेखी घेतल्यावांचून पैसे भरूं नयेत. पाणी ठिबकानेंच द्यावें. ढगाळ दिवसाची तजवीज म्हणून उंचावर लहान टाकी बांधावी. ऊन सांठविण्याचें तें सर्वांत स्वस्त साधन आहे. मात्र विहिरीचें पाणी काढून उघड्या शेततळ्यांत भरून ठेवण्याची जी चाल पडली आहे ती अगदीं वाईट. भूमींत जें सुरक्षित होतें तें उन्हांत उडवून देण्यासारखें तें आहे. पंपास पाणी नको असेल त्या वेळीं त्याच पॅनेलांवर कडबाकुट्टी किंवा पिठाची चक्की चालविणारे नियंत्रक मिळतात; घेतांनाच त्याची चौकशी करावी.

आणि एक शेवटचें काम, ज्यास पैसा लागत नाहीं. दर वर्षीं दिवाळीस व होळीस आपापल्या विहिरींतील पाण्याची खोली दोरीनें मोजावी व ती मंडळीच्या दप्तरांत लिहून ठेवावी. दिवाळीची पातळी सालोसाल उतरूं लागली, तर पाऊस चांगला होऊनही उपसा मुरवणीहून अधिक झाला असें समजावें, व पुढील रब्बीचीं पिकें त्या मानानें ठरवावीं. सावकाराच्या वहीस आपले वाडवडील भीत असत, कारण ती त्यांस वाचतां येत नव्हती. ही वही आपणच लिहावयाची व आपणच वाचावयाची आहे. सूर्य आपलें देणें रोज चुकतें करितो. विहिरीचें देणें चुकतें करण्याचें काम मात्र आपल्यावरच आहे.